खालच्या पायाला पाणी

४ मार्च

खुडबुड्या,

तुझ्या आठवणीचा काही भरवसा नाही, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. वरच्या खोलीत राहते, दात मोजके, कान मात्र दोन्ही शाबूत. तू शाळेत डबा विसरायचास, दप्तर विसरायचास, एकदा तर शाळाच विसरून दिवसभर धक्क्यावर मोटरी बघत बसला होतास. तेव्हा आजीला विसरलास यात नवल ते काय. पण पाठुंगळी घेऊन रोज खाली उतरवायची म्हातारी वरच ठेवून निघून जाणं, हे काही छत्री विसरण्यासारखं नाही रे. छत्री निदान "मला खाली न्या" म्हणून ओरडत नाही.

अक्षर कुणाचं ते ओळखलं असशीलच. तू गेलास त्याच दिवशी तुझा बाप म्हणाला, "या घरातलं कुणी त्याला पत्र लिहायचं नाही." आम्ही दोघींनी मान डोलावली. मग माझ्या डोक्यात आलं, मला लिहिता येतं कुठे? जिला लिहिताच येत नाही तिला बंदी कसली? आणि सूनबाई काही पत्र लिहीत नाहीये, ती नुसता माझा हात आहे. तोंड माझं, हात तिचा. यात गुन्हा कुणाचा ते तुझ्या बापाने बसून ठरवावं, त्याला सध्या वेळ भरपूर आहे.

तिला बजावून ठेवलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, निवडत बसायचं नाही, हे तांदूळ नव्हेत. आणि पदरचं एक अक्षर घालायचं नाही. आत्ता ती नाक ओढतेय. हेही लिही सूनबाई. लिहिलंस? बरं. कागद ओला करू नकोस, शाई पसरते.

इकडचं काय सांगू. मागे कडा, पुढे पाणी, मध्ये आपलं घर, तसंच चिकटून बसलंय. होडी पायऱ्यांना बांधलेली आहे आणि तिची मोटर खाली शेडमध्ये बाकावर आडवी पडलीय. मोटरीशिवाय होडी म्हणजे पाण्यावर तरंगणारा पाट. माणसं आता बगळ्याच्या होडीने जा-ये करतात. तोच वाणसामान आणतो, पायरीवर पिशवी ठेवतो आणि एका पायावर उभा राहून आमच्या घरात काय चाललंय ते बघतो. त्याला बगळा नाव ठेवलं कुणी? तूच ना? चपखल ठेवलंस. हे पत्रसुद्धा त्याच्याच हाती द्यायचंय, म्हणून पाकीट नीट चिकटवायला सांगितलंय.

तुझ्या बापाच्या हाताची पट्टी काढली. बोटं आहेत, पण उजव्या हाताची बोटं आता शोभेची. सदऱ्याची बटणं डाव्या हाताने लावायला शिकतोय. सूनबाई मदतीला गेली की म्हणतो, "मी काही कुक्कुलं बाळ नाही." मग तासभर एका बटणाशी झटत बसतो. परवा बगळ्याने खजूर आणला होता. तुझ्या बापाला खजूर किती आवडतो ते तुला माहीत आहे. ताटली पुढे केली तर म्हणाला, भूक नाही.

धक्क्यावर लोक काय बोलतात ते बगळा सांगून गेला. पोराने मोटरीला भोक पाडलं आणि बापाचा हात गेला, असं म्हणतात. मी काही म्हणत नाही. मी वर बसलेली म्हातारी, मला काय कळतं.

एक ओळ तरी पाठव. तुझी आई विचारत नाही. विचारत नाही म्हणूनच पाठव.

आजी


१९ मार्च

खुडबुड्या,

तुझं कार्ड आलं. इतकं लहान लिहिलंयस की सूनबाईने वाचायला घेतलं आणि मी पाण्याचा घोट गिळेपर्यंत संपलं. "मी बरा आहे. गोदामात खोकी उचलतो. आता मोटरीला कधी हात लावणार नाही. बाबांचा हात माझ्यामुळे गेला." बस. पुन्हा वाच म्हटलं, पुन्हा तेवढंच निघालं.

खोकी उचलतोस. ज्या पोराने पाळण्यात खुळखुळा मिळाल्यावर आधी तो उघडून आतले मणी बाहेर काढले, तो खोकी उचलतो. आत काय आहे ते तरी बघू देतात का रे?

तू म्हणशील, आजीला काय समजतं मोटरीतलं. सगळं समजतं. तूच सांगितलंयस, या खाटेच्या कडेला बसून, माझ्या पोळपाटाएवढ्या पाठीवर बोटाने काढून. मोटर खालून पाणी ओढते. पाण्यात बुडालेला तो लांब पाय असतो, त्याच्या तळाशी रबराचा छोटा पंखा, तो पाणी वर ढकलतो. पाणी डोक्याभोवती फिरतं, डोकं गार करतं, मग त्याच पायातून धुराबरोबर खाली जाऊन पाण्यातच सुटतं. त्यातली बारीकशी धार तेवढी कुशीतून बाहेर पडते, माणसाला दिसावी म्हणून. धार चालू म्हणजे मोटर बरी. मी तेव्हाच म्हटलं होतं, मोटर काय नि तान्हं मूल काय, धार नीट लागली की घरच्यांनी निश्चिंत असावं. तू किती हसला होतास.

मग तुझं डोकं चाललं. धूर आणि पाणी एकाच वाटेने जातात, पाणी धुराला अडवतं, म्हणून मोटर गुदमरते, असं तू म्हणालास. पाण्याला वेगळी वाट द्यायची, डोक्यातून थेट कुशीबाहेर, म्हणजे धुराला पाय मोकळा. तू नळी बसवलीस आणि पहिल्यांदा धक्क्यापाशी मोटर चालू केलीस तेव्हा धार अशी सुटली की बगळ्याने आपले पाय उचलले. सगळा धक्का बघायला आला. तुझा बाप सगळ्यांना सांगत होता, "माझ्या पोराने केलंय, आमच्या पोराने." मी खिडकीतून ऐकत होते. त्याने तुझं कौतुक तुझ्या तोंडावर कधी केलं नाही, ते मला ठाऊक आहे. त्याच्या बापानेही केलं नव्हतं. आमच्या घरात कौतुक नेहमी पाठीमागच्या दाराने येतं.

ते असो. मला तुझ्या निघण्याचं बोलायचंय. तू बॅग भरून खाली उभा होतास. बाप खुर्चीवर, हात गळ्यात बांधलेला. तू एकच विचारलंस, "बाबा, मोटर अर्ध्या वेगाच्या वर खेचली नव्हती ना तुम्ही?" तो म्हणाला, "नाही." एवढंच. तू बॅग उचललीस. तुझी आई दारात उभी होती, तिनेही ऐकलं. मी वर होते, पण आपल्या घराची जमीन फळ्यांची आहे आणि फळ्यांत फटी आहेत.

म्हणजे तुझं गणित असं झालं: अर्ध्यावर चालवूनही मोटर जळली, म्हणजे माझंच चुकलं.

सूनबाईने आत्ता विचारलं, "आई, पुढे काय?" पुढे काही नाही. लिही, हवा बरी आहे. पाणी आज करडं आहे. माझे गुडघे जिन्याकडे बघून शिव्या देतात, जिना वर बघून हसतो.

खोकी गुडघ्यांतून उचल, कमरेतून नको.

आजी


६ एप्रिल

खुडबुड्या,

तू काही उत्तर दिलं नाहीस. विसरलास म्हणून सोडून देते, तुझी ती खोड मला सोयीची आहे.

एक गंमत सांगते. माझ्या खोलीचा खाटेकडचा भाग स्वयंपाकघर सोडून थेट शेडवर आलाय. खाटेखालच्या चटईचा कोपरा सरकवला की दोन फळ्यांमध्ये फट आहे, तिथून शेडमधला बाक दिसतो. तू असताना मी कधी बघितलं नाही, तेव्हा खालीच येत होते ना. आता दुपारी सूनबाईचा डोळा लागला की मी पालथी पडते आणि बघते. या वयात पालथी पडायला शिकले. पुढे रांगेनही.

तुझा बाप मोटर खोलतोय. सूनबाईला वाटतं, भंगारात द्यायला खोलतोय. मलाही आधी तसंच वाटलं. पायाचं खालचं टोक काढून त्याने रबरी पंखा बाहेर काढला. त्याच्या सगळ्या पाकळ्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, आईचं दूध सुटल्यावर रुसलेल्या पोराच्या ओठांसारख्या. तो पंखा त्याने तळहातावर ठेवला आणि कितीतरी वेळ बघत बसला. मग खिशात टाकला. भंगारातली वस्तू कुणी खिशात ठेवतं का?

मग पार्सल आलं. तुझ्या नावाने आलेलं, बगळ्याने आणून दिलं. तू मागवली होतीस ती पितळेची बारकी वाकडी नळी, तीच असणार. बापाने ते सूनबाईपासून लपवलं. आता ते शेकोटीत टाकेल असं मला वाटलं. पण नाही. शेडच्या भिंतीवर तू खडूने जे काढून ठेवलंयस ना, मोटरीचा पाय आणि त्यात जाणारी दुसरी नळी, ते त्याने अजून पुसलेलं नाही. त्याच्यासमोर उभा राहतो. एका हाताने होत नाही म्हणून लोखंडी शिकंज्यात पाय धरून ठेवतो, दुसरा हात तो शिकंजा. गिरमिट पोटाला टेकवून फिरवतो. परवा गिरमिट सटकलं, नळी हातातून पडली आणि बाकाखाली घरंगळत गेली. तो गुडघ्यावर बसून शोधत होता. खाली नुसता त्याचा टक्कल पडलेला माथा. मला हाक मारावीशी वाटली, "उजवीकडे, तेलाच्या डब्यामागे." मारली नाही. मारली असती तर फट गेली असती.

हे बघ, माणूस राग धरून बसला की भांडी आपटतो, दार आपटतो. तुझा बाप काहीच आपटत नाही. तुला पत्र लिहायचं नाही म्हणाला, तो राग आहे असं सगळ्यांना वाटतं. मी त्याला नऊ महिने पोटात आणि पुढे आयुष्यभर डोक्यावर वागवलाय. तो रागावला की कसा दिसतो ते मला माहीत आहे.

आम्ही इथे कसे राहतो सांगू? बाप खालच्या शेडमध्ये, बाहेर पडत नाही. सूनबाई मधल्या स्वयंपाकघरात, त्याला विचारत नाही आणि मलाही विचारत नाही. मी वर. एकाच घरात तीन डबे एकावर एक रचल्यासारखे, झाकणं घट्ट. आणि चौथा डबा तिकडे गोदामात. मला एक गोष्ट माहीत आहे आणि ती माझ्या घशात माशाच्या काट्यासारखी बसलीय. गिळता येत नाही, थुंकताही येत नाही. कारण तोंड माझं असलं तरी हात दुसऱ्याचा आहे.

त्या दिवशी दुपारी माझी ही कड्याच्या अंगाची खिडकी उघडी होती. तुझा बाप

सूनबाईने मान वर केलीय. पेन थांबलंय.

नको. राहू दे सूनबाई. लिही, खिडकी उघडी होती म्हणून गार वारं लागलं आणि मला शिंका आल्या.

आजी


२१ एप्रिल

खुडबुड्या,

अक्षर बघून दचकू नकोस. खेकडा शाईत पडून कागदावरून गेलेला नाही. तुझा बाप डाव्या हाताने लिहितोय.

तुझ्या आईला मी आज पलीकडे पाठवलं, डोळे तपासून घे म्हणून. तिचे डोळे चांगले आहेत हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. तरी गेली. शहाणी आहे.

मग याला हाक मारली. वर ये, पत्र लिहायचंय. म्हणाला, "मी काय सांगितलं होतं? घरातलं कुणी लिहायचं नाही." म्हटलं, तू घरात असतोस कुठे, शेडमध्ये राहतोस, बस. म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघी त्याला लिहीतच होतात." म्हटलं, तुला पाकिटं दिसत नव्हती? बगळ्याला दिसत होती. मग म्हणाला, "आई, डाव्या हाताने जमत नाही मला." म्हटलं, पितळेची नळी बसवायला जमते, अक्षर बसवायला जमत नाही? तेव्हा माझ्याकडे बघतच राहिला. मग जमिनीकडे बघितलं. चटईचा कोपरा दुमडलेलाच राहिला होता.

यालाही तोच नियम घातलाय. बोलेन ते सगळं लिहायचं. निवडायचं नाही.

परवा शेडमध्ये पाण्याच्या पिंपात मोटर उभी करून त्याने चालू केली. पंखा नवा घातलाय. आधी खोकली, मग धरली. सूनबाई ताट टाकून जिन्यापर्यंत धावली आणि तिथेच थांबली. खाली गेली नाही. तुला सांगते, तो आवाज ऐकून घरातली भांडीसुद्धा जागी झाली.

आता पुढचं तुला नाही खुडबुड्या, हे मी माझ्या लेकाला सांगतेय. पण तो लिहील. लिही रे. थांबू नकोस.

त्या दिवशी सकाळी शेडमधून पोराचा आवाज आला. तो म्हणाला, "बाबा, खालच्या पायाला अजून पाणी जात नाही. धार मोठी दिसते, पण ती वरूनच बाहेर पडते. खाली सगळा धूर कोरडा जातो, पंखा भाजेल. दुसरी नळी येईपर्यंत अर्ध्याच्या वर खेचू नका." लिहिलंस? तू काय म्हणालास? "मला शिकवू नकोस, समजलं." तेही लिही.

दुपारी तू पलीकडे माणसं उतरवून एकटा परत येत होतास. कड्याच्या आड आलास, जिथे धक्क्यावरून दिसत नाही. माझी खिडकी मात्र तिथेच उघडते. आणि मोटरीचा आवाज बदलला. अर्ध्यावरची मोटर कशी वाजते ते मला माहीत आहे, ती दमून घरी आलेल्या माणसासारखी वाजते. ही तशी नव्हती. ही गात होती. आणि त्या आवाजावर मी तुझी आरोळी ऐकली. लहानपणी कड्यावरून पाण्यात उडी टाकताना ठोकायचास, तीच. मला वाटलं होतं ती तुझ्या गळ्यातून कधीच निघून गेली. मी वर बसल्याबसल्या हसले. मग मोटर किंचाळली आणि गप्प झाली. ओहोटीने होडी पायऱ्यांकडे ओढली, आणि ती आपटू नये म्हणून तू मध्ये हात घातलास.

पेन पुन्हा थांबलंय. हेही लिही, की थांबलंय.

मी तुला रागवत नाहीये. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एकदा जोरात जावंसं वाटलं, त्यात काय एवढं. पोराने केलेली मोटर, तिला नाही खेचायची तर कुठली खेचायची? माझ्या हातात असती तर मीही खेचली असती आणि या वयात दातांसकट पाण्यात पडले असते. पण आरोळी तू ठोकायची आणि घसा पोराचा बसायचा, हे बरं नाही. तो तिकडे खोकी उचलतोय. त्याचं गणित बरोबर होतं आणि तो ते चुकलं म्हणून जगतोय. मी हे तुझ्या बायकोच्या हाताने लिहवू शकले असते. नाही लिहवलं. कुणाच्या पाठीमागे लिहायची गोष्ट नव्हे ही.

आता तुझ्या मनाने लिही. मी बोलत नाही.

पूर्ण खेचली होती. तू सांगितलं होतंस तरी खेचली. तू विचारलंस तेव्हा नाही म्हणालो, तुझी आई तिथे उभी होती. मग रोज उद्या सांगू म्हणत राहिलो. खडूने काढलं होतंस तशीच दुसरी नळी बसवली आहे. पिंपात तासभर चालवली. खालचा पाय गार राहतो. हात लावून बघितला. तुझं बरोबर होतं.

बराच वेळ पेन करकरत होतं. आता बंद झालं. काय लिहिलंस ते वाच म्हटलं, तर वाचत नाही. मला तर अक्षरं नि मुंग्या सारख्याच. त्याने तिथे हवापाण्याचं लिहिलं असलं तरी मला कळायचं नाही. मी सगळं बोलले आणि त्यातलं कागदावर किती उतरलं ते एक त्याला माहीत, आता तुला. तेव्हा तूच बघ. नसेल लिहिलं तर कार्ड पाठव, मी याला पुन्हा वर बोलावते.

मी एवढंच विचारलं, पाकीट आत्ता चिकटवायचं, की सूनबाई येईपर्यंत उघडं ठेवायचं? तो खिडकीपाशी गेला. पलीकडून बगळ्याची होडी निघालेली दिसत होती, तुझी आई तिच्यातून परत येईल. तिथेच पाठमोरा उभा राहून म्हणाला, "उघडं ठेव."

लिहायला परत येऊन बसलाय. हे त्याने आपण होऊन लिहिलं की मी सांगितलं म्हणून, ते विचारू नकोस.

मी तुला ये म्हणणार नाही. यायचं की नाही ते तुझं तू ठरव, आता तुझ्याजवळ खरा आकडा आहे. फक्त तुझी आजी वरच्या मजल्यावर ठेवलेली आहे एवढं विसरू नकोस, आणि हल्ली माझं वजन कमी झालंय, पाठीला लागायची नाही.

आणि खजूर पाठव. मऊ आणि बिया काढलेला, विचारून घे, नाहीतर वरचे चार तसे आणि खाली बियांचे असतात. माझ्या दातांसाठी नव्हे. तुझ्या बापाला एका हाताने बी काढता येत नाही, आणि काढून दे असं तो कुणाला म्हणायचा नाही. लिही रे, हेही लिही.

आजी